रेडिएटरमधलं काळं पाणी

इंग्लंडात घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात मी एक काम मोठ्या हौसेनं करायचो. रविवारी सकाळचा चहा झाला की छोटी पितळी किल्ली आणि एक जुनं फडकं घेऊन आठही रेडिएटरांची, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पेट्यांची, हवा सोडत घरभर फिरायचं. किल्लीला पाव वळसा दिला की फुस्स असा आवाज, मग थुईथुई दोन थेंब, की लगेच बंद. शेवटी त्यांचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरखालची तोटी उघडून प्रेशरचा काटा पुन्हा दीडवर आणायचा. आपण आता घरवाले झालो, याचं समाधान त्या किल्लीत होतं. दिवाणखान्यातला रेडिएटर वरून कढत आणि खालून थंडगार असायचा, पण म्हातारा आहे बिचारा, म्हणून मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता.

मार्चमध्ये हे पाणी फिरवणारा पंप बंद पडला. बघायला आलेल्या वयस्क प्लंबरनं बॉयलरला हातही लावला नाही, आधी जॅमची रिकामी बाटली मागितली. रेडिएटरच्या तळाच्या तोटीतून तिच्यात पाणी घेतलं. पाणी कसलं, शाईच ती. मग त्यानं आमच्या फ्रिजवरचा पुण्याहून आणलेला गणपतीचा मॅग्नेट काढला, पाठीमागची चुंबकाची चकती बाटलीला टेकवली आणि चहा प्यायला बसला. कप संपेपर्यंत आतला काळा गाळ सरकत सरकत काचेच्या त्या बाजूला येऊन चिकटला होता, मखमलीच्या टिकलीसारखा.

"हे तुझे रेडिएटर," तो म्हणाला. "आणि दर रविवारी हवा सोडायला लागत होती, तेव्हाच कुणाला तरी बोलवायचं होतंस."

त्या बाटलीनं मला जे शिकवलं ते इथे मांडतोय. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना बॉयलरची वार्षिक सर्व्हिस माहीत असते, गॅसचं सर्टिफिकेट माहीत असतं, पण भिंतीभिंतींतून फिरणाऱ्या त्या पाण्याकडे कुणी बघत नाही.

बंब नव्हे, गाडीचा रेडिएटर

आपल्या डोक्यात पाणी तापवणं म्हणजे बंब किंवा गीझर. गार पाणी आत, गरम पाणी बाहेर, बादली भरली, संपलं. हीटिंगचं तसं नाही. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंप ढकलतो, ते पाइपांतून रेडिएटरांत जातं, खोलीला ऊब देऊन निवतं आणि परत बॉयलरमध्ये येतं. घरात आठ-दहा रेडिएटर असतील तर हे सगळं मिळून साधारण १०० लिटर पाणी. ते वापरलं जात नाही आणि बदललंही जात नाही. वर्षानुवर्षं तेच पाणी तेवढ्याच वाटेनं फिरत राहतं. कॉम्बी बॉयलर अंघोळीचं पाणीही तापवतो, पण ते पाणी वेगळं. दोघांच्या मध्ये धातूचा पातळ पडदा असतो. त्यातून उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही.

म्हणून बंबापेक्षा गाडीची उपमा जास्त चपखल. पूर्वी घाटात ट्रक उभे करून ड्रायव्हर रेडिएटरमध्ये कॅनने साधं पाणी ओतायचे. आता गाडी घेतल्यावर पहिल्यांदा सांगतात, साधं पाणी घालू नका, कूलंट घाला. कारण आत लोखंड, अॅल्युमिनियम, पितळ सगळं एकत्र नांदतंय आणि साधं पाणी त्यांच्यात भांडण लावतं. घरातही तसंच आहे: रेडिएटर पोलादाचे, पाइप तांब्याचे, जोड पितळेचे आणि कित्येक बॉयलरांचं काळीज, म्हणजे पाण्याला उष्णता देणारा हीट एक्सचेंजर, अॅल्युमिनियमचं. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात बुडवले की त्यातला जो जास्त क्रियाशील तो झिजतो. घरातल्या कूलंटला इथले लोक इनहिबिटर म्हणतात. गंज रोखणारं औषध, एवढाच अर्थ.

काळा गाळ येतो कुठून

लोखंड गंजलं की तांबूस होतं हे आपल्याला पाठ आहे. मग हा गाळ काळा का? कारण तांबूस गंजाला भरपूर ऑक्सिजन लागतो. बंद पाइपात ऑक्सिजन तुटपुंजा असतो, आणि तुटपुंज्या ऑक्सिजनात लोखंडाचं मॅग्नेटाइट होतं. काळंकुट्ट, पिठासारखं बारीक, लोहचुंबकाला चिकटणारं आणि पाण्याच्या पाचपट जड. जड असल्यानं पाण्याचा वेग जिथे कमी होतो तिथे ते खाली बसतं, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी, मधोमध. खालून थंड रेडिएटरचं कोडं एवढंच असतं. वरून थंड असेल तर मात्र आत वायू साठलेला असतो.

आता एक हिशेब. मला स्वतःला त्यानं चकित केलं, म्हणून सविस्तर मांडतो. नळाच्या गार पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. १०० लिटरमध्ये १ ग्रॅम. एवढ्या ऑक्सिजननं किती लोखंड खाल्लं जाईल? सुमारे २.६ ग्रॅम. त्याचं मॅग्नेटाइट होईल साडेतीन ग्रॅमच्या आसपास. चहाचा चमचाही नीट भरणार नाही. म्हणजे पाणी एकदा भरलं, त्यातला ऑक्सिजन संपला, की गंजाचा मोठा खेळ खलास व्हायला हवा. पण खराब झालेल्या घरांतून गाळ निघतो तो चमच्यानं मोजण्यासारखा नसतो. उरलेला ऑक्सिजन कुठून आला?

हवेतून. एक लिटर हवेत पाव ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. म्हणजे साडेतीन-चार लिटर हवा आत शिरली की १०० लिटर ताजं पाणी भरल्याइतकं नुकसान. जुनं पाणी म्हणजे वाईट पाणी, ही आपली नळाच्या पाण्यावरून झालेली समजूत इथे उलटी पडते. औषध टिकून असेल तर हीटिंगचं जुनं, निवांत, ऑक्सिजन संपलेलं पाणी चांगलं असतं. वाईट असते ती हवा, आणि हवेची वाट मोकळी करणारी गळती.

ऑक्सिजन पूर्ण संपला तरी लोखंड आणि पाणी यांची हळू हळू कुरबुर चालूच राहते. त्यातून हायड्रोजन तयार होऊन रेडिएटरच्या डोक्याशी जमतो. दर रविवारी मी जी 'हवा' सोडत होतो तिच्यात हा हायड्रोजन असणार. तो पेट घेतो, हे सांगून ठेवतो. काही जण खात्री करायला काडी ओढून बघतात. तसलं काही करू नका.

शून्यावरचा काटा

बंद पाइपात हवा शिरतेच कशी? माझ्या घरात उत्तर निघालं ते एका लाल डब्यात. पाणी तापलं की फुगतं. त्या फुगवट्याला जागा हवी म्हणून बॉयलरच्या आत किंवा बाहेर एक्स्पान्शन व्हेसल असतं: मधे रबराचा पडदा, एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. सायकलच्या ट्यूबसारखा त्याला व्हॉल्व्हही असतो, आणि ट्यूबसारखीच त्यातली हवा काही वर्षांत उतरते. मग पाणी फुगलं की प्रेशर थेट ३ बारपर्यंत चढतं (बार म्हणजे काट्यावरचं प्रेशरचं माप). तिथे सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी तांब्याच्या बारक्या पाइपानं घराबाहेर भिंतीवर सांडतं. हीटिंग बंद झाल्यावर पाणी आकसतं आणि काटा शून्याकडे घसरतो. आपण सकाळी उठतो, काटा खाली बघतो, तोटी उघडून पाणी भरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता शून्याचा अर्थ बघा. काटा खालच्या मजल्यावरच्या बॉयलरवर असतो. पाण्यात दर मीटर वर गेलं की प्रेशर ०.१ बारनं कमी होतं. खाली काटा शून्यावर असेल तर तीन मीटर वरच्या बेडरूममध्ये प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा ०.३ बार कमी. पाणी बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते: व्हॉल्व्हच्या दांड्याच्या ढिल्या पॅकिंगमधून, आपोआप हवा सोडणाऱ्या टोपीतून. पाणी न गळू देणारी फट हवेला मात्र पुरते. म्हणून गार असताना काटा १ ते १.५ च्या मध्ये हवा. तो दर आठवड्याला खाली येत असेल तर तोटी उघडणं हा इलाज नव्हे. बाहेरच्या भिंतीवरच्या त्या बारक्या पाइपाखाली ओल आहे का, हे आधी बघा. आमच्याकडे होती. खालच्या विटांवर पांढरे क्षारही उमटले होते आणि मी त्यांना थंडीचा परिणाम समजत होतो.

दर आठवड्याला दोनेक लिटर पाणी जातं-येतं असं धरलं तरी सहा महिन्यांत ५० लिटर होतात. बाहेर जाणाऱ्या पाण्यात थोडं नवंही असतं हे धरूनसुद्धा घातलेलं औषध उरलं जेमतेम ६० टक्के. आणि काही प्रकारची औषधं अपुरी पडली की नुसती निकामी होत नाहीत, सगळीकडून थोडा होणारा गंज ती एकाच ठिकाणी खोल पाडतात. रेडिएटरला सुईएवढं भोक पडतं ते असं.

जुन्या घरांत अजून वेगळी रचना दिसते. माळ्यावर प्लास्टिकची छोटी टाकी, तिच्यात बॉल कॉक, आणि वरून वाकून टाकीत उतरणारा एक उघडा पाइप. फुगलेलं पाणी त्या टाकीत जातं. इथे प्रेशरचा काटाच नसतो, त्यामुळे गळती कळतही नाही. टाकी गुपचूप भरत राहते. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. हीटिंग चालू असताना त्या वाकलेल्या पाइपातून टाकीत पाणी पडत असेल तर दर फेरीला हवा मिसळतेय, आणि खाली गाळाचा कारखाना जोरात चाललाय असं समजा. माळ्यावर चढलाच आहात तर टाकीचं झाकणही शाबूत आहे का बघा. मेलेली पाखरं आणि कोळी यांच्याबद्दल मी लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

पाण्याची तपासणी

ब्रिटनमध्ये यासाठी एक मानक आहे, बीएस ७५९३. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीनं तीन गोष्टी ठळक केल्या: हीटिंगच्या पाइपावर फिल्टर असावा, इनहिबिटरची पातळी दर वर्षी तपासावी, आणि दर पाच वर्षांनी एकतर औषध नव्यानं घालावं नाहीतर पाण्याची प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी करावी. इंग्लंडच्या बांधकाम नियमांचा जून २०२२ पासून लागू असलेला भाग एल, म्हणजे ऊर्जाबचतीचा भाग, याच मानकाकडे बोट दाखवतो. नवा बॉयलर बसवला की पुस्तिकेच्या शेवटी बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. पाणी कशानं स्वच्छ केलं, कुठलं इनहिबिटर किती घातलं, हे त्यात भरायचं असतं. तो कोरा असेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होऊ शकतो. घर विकत घेताना हा तक्ता मागा. मी मागितला नव्हता.

घरच्या घरी काय करता येतं? पहिली तपासणी डोळ्यांनी. हीटिंग तासभर चालवा म्हणजे पाणी मिसळेल, मग पूर्ण गार होऊ द्या. फिल्टरच्या किंवा रेडिएटरच्या तळाच्या निचऱ्याच्या तोटीतून पहिलं कपभर पाणी फेकून द्या, कारण ते त्या कोपऱ्यात साचलेलं असतं. पुढचं स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. खाली फडकं आणि पसरट ताट ठेवायला विसरू नका. फिक्या रंगाच्या कार्पेटवर मॅग्नेटाइट पडलं की ते घर सोडेपर्यंत तिथेच राहतं. पाणी नितळ किंवा किंचित रंगीत असेल तर उत्तम. काळं आणि चुंबकाकडे सरकणारं असेल तर आतून पोलाद झिजतंय. तांबूस-विटकरी असेल तर ते जास्त तातडीचं, कारण त्याचा अर्थ हवा आत्ता, रोज आत येतेय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर जिवाणूंची वस्ती झालीय.

दुसरी तपासणी पट्टीची. लघवीतली साखर बघायची पट्टी असते तशीच: बुडवायची, सांगितलेले सेकंद थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडायचं. इथे एक मेख आहे. प्रत्येक कंपनीच्या इनहिबिटरची घडण वेगळी, त्यामुळे पट्टी त्याच कंपनीची हवी. एकाचं औषध आणि दुसऱ्याची पट्टी असा प्रकार केला तर आतलं औषध पुरेसं असूनही पट्टी 'काहीच नाही' म्हणेल. आत कुठलं औषध आहे हे कळण्यासाठीच बॉयलरवर स्टिकर लावायची पद्धत आहे: कंपनी, तारीख, प्रमाण. स्टिकर नसेल आणि कुणालाच काही आठवत नसेल तर पाणी काढून नव्यानं सुरुवात करणं मला तरी सोपं वाटतं. दोन कंपन्यांची औषधं एकत्र करू नका.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन, आपल्याला नवा नाही. आरओ विकायला आलेला माणूस आईच्या ग्लासात हेच पेन बुडवून ३५० आकडा दाखवतो आणि घाबरवतो. हीटिंगमध्ये त्या आकड्याचा अर्थ उलटा होतो: इनहिबिटर म्हणजे विरघळलेले क्षारच, म्हणून औषध घातल्यावर आकडा नळाच्या पाण्यापेक्षा वर जायलाच हवा. नळाइतकाच असेल तर आत नुसतं पाणी आहे. पण मोठा आकडा म्हणजे औषध भरपूर, असंही नाही. सफाईचं रसायन आत राहून गेलं तरी आकडा चढतो. मीटरचा खरा उपयोग सफाईनंतर होतो. आतलं पाणी धुऊन काढताना ते पुरेसं धुतलं गेलं की नाही, हे बघायला नळाचं पाणी आणि बाहेर येणारं पाणी यांची तुलना करायची. फरक १० टक्क्यांच्या आत आला की थांबायचं.

अॅल्युमिनियमचा बॉयलर असेल तर पीएचही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तेही, बघावा लागतो. साधारण ६.५ ते ८.५ च्या मधे तो खूश असतो, नेमकी मर्यादा बॉयलरच्या पुस्तिकेत मिळते. ज्यांना एवढ्या खटाटोपात पडायचं नाही त्यांनी प्रयोगशाळेचं किट घ्यावं. छोटी बाटली येते, भरून पोस्टात टाकायची. अहवालात औषधाची पातळी, पीएच, विरघळलेलं लोह आणि तांबं असं सगळं येतं. त्यातलं लोह आणि तांबं नीट बघा. औषध पुरेसं दिसत असूनही हे आकडे मोठे असतील तर औषध हरतंय, म्हणजे पुन्हा हवेचाच शोध घ्यायचा.

औषध आणि फिल्टर

आता बहुतेक घरांत बॉयलरजवळ परतीच्या पाइपावर काळा नळकांड्यासारखा चुंबकाचा फिल्टर असतो. वर्षातून एकदा तो उघडून पुसायचा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, प्रेशर सोडायचं, चुंबक बाहेर काढायचा, काळा चिखल धुवायचा. काम पंधरा मिनिटांचं. हे बॉयलरच्या आतलं नसल्यानं घरमालक स्वतः करू शकतो. बॉयलरचं गॅसशी संबंधित काहीही मात्र गॅस सेफ रजिस्टरवरच्या, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाकडूनच. तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

फिल्टरमुळे गंज थांबतो, असा मात्र गैरसमज नको. तो फक्त बॉयलर आणि पंपापर्यंत जाणारा गाळ अडवतो. दर वर्षी उघडल्यावर मूठभर गाळ निघत असेल आणि प्लंबर 'बघा, फिल्टर किती छान काम करतोय' म्हणत असेल, तर त्याला विचारा, हा एवढा येतोय कुठून? रेडिएटर एका बाजूनं झिजतायत आणि आपण त्यांची राख गोळा करतोय.

औषध घालणं त्यामानानं सोपं. १०० लिटरला साधारण १ लिटर असं एका प्रचलित इनहिबिटरचं प्रमाण आहे. दुसऱ्या कंपनीची अर्धा लिटरची बाटलीही सर्वसाधारण घराला पुरते, म्हणून आपल्या बाटलीवरची ओळ वाचायची. फिल्टरच्या तोंडातून, रेडिएटरच्या वरच्या बुचातून किंवा माळ्यावरच्या टाकीतून ते आत जातं. घरं विसरतात ती वेळ वेगळीच असते. रंगकाम किंवा वॉलपेपर करताना रेडिएटर भिंतीवरून उतरवतात, आतलं पाणी गटारात, आणि पुन्हा बसवल्यावर साधं पाणी. रंगारी बिचारा औषधाचा विचार कशाला करेल? दिवाळीआधी घर रंगवलंत आणि तीन रेडिएटर उतरवले, तर नोव्हेंबरात पट्टी बुडवून बघा.

आमच्या घरात औषध घालून भागणार नव्हतं. साठलेल्या गाळावर इनहिबिटर घालणं म्हणजे पुटकुळीवर पावडर लावणं. त्या प्लंबरनं आधी सफाईचं रसायन घालून हीटिंग आठवडाभर चालवायला सांगितलं, मग जास्त जोराच्या पंपानं एकेक रेडिएटर वेगळा काढून धुतला, वर रबरी हातोड्यानं ठोकत. दिवाणखान्यातल्या म्हाताऱ्यातून पाणी नितळ यायला तास लागला. व्हेसलमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरली. एवढं सगळं झालं, पण मला अजूनही भारी वाटते ती सायकलच्या पंपाची गोष्ट. शेकडो पाउंडांच्या कामाचं मूळ एका उतरलेल्या ट्यूबमध्ये होतं.

क्षारांचं काय

आम्ही राहतो त्या थेम्सच्या खोऱ्यात पाणी चुनखडीतून येतं. किटलीत महिन्याभरात पांढरं पापुद्र्याचं अस्तर धरतं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये लिटरमागे २५० ते ३०० मिलिग्रॅम कठीणपणा सर्रास आढळतो. मँचेस्टर किंवा ग्लासगोच्या लोकांना हा त्रास जवळजवळ नाही. आमच्याकडचे लोक म्हणून हीटिंगच्या क्षारांना फार घाबरतात, पण इथेही हिशेब कामाला येतो. १०० लिटरमध्ये फार तर ३० ग्रॅम क्षार, तेही एकदाच, कारण पाणी बदलत नाही. उलट अंघोळीचं पाणी रोज नवं, म्हणजे रोज नवे क्षार. शॉवर मध्येच गार होणं, यामागे बरेचदा ही दुसरी बाजू असते. नियमांतही २०० मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा असेल तर गरम पाण्याच्या बाजूला क्षार रोखायची सोय करायला सांगितली आहे. हीटिंगच्या बाजूला क्षार वाढतात ते रोज तोटी उघडणाऱ्याच्या घरात. पुन्हा तीच तोटी.

घरात पाणी मऊ करायचं मीठवालं यंत्र असेल तर ते मऊ पाणी हीटिंगमध्ये भरू नका, असं कित्येक बॉयलर कंपन्या सांगतात. तापल्यावर त्याचा पीएच चढतो आणि अॅल्युमिनियमला तो सोसत नाही. त्यासाठी मऊ न केलेल्या पाण्याची एक जोडणी वेगळी ठेवायची असते.

म्युनिकच्या माझ्या मावसभावाला हे सगळं सांगितलं तर तो हसला. जर्मनीत व्हीडीआय २०३५ नावाची वेगळी नियमावली आहे. तिचा कल औषधाकडे कमी आणि पाण्यातले क्षार काढून भरण्याकडे जास्त, पीएच ८.२ ते १०, अॅल्युमिनियम असेल तर ९ पर्यंतच. तिकडचा सल्ला इकडे किंवा इकडचा तिकडे जसाच्या तसा वापरू नका. हवा आत येऊ द्यायची नाही, यावर मात्र दोन्ही देशांचं एकमत आहे.

बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर आत आणणारं यंत्र, बसवणाऱ्यांसाठी दोन ओळी. जुन्या रेडिएटरांतला गाळ न काढता नवा हीट पंप जोडणं म्हणजे त्याच्या अरुंद वाटांत वीस वर्षांचा चिखल ओतणं. शिवाय त्याचं पाणी ३५ ते ५० अंशांच्या आसपास कोमट असतं, जिवाणूंना तेच आवडतं. जमिनीखालच्या हीटिंगचंही तसंच. तिथे इनहिबिटरबरोबर जिवाणूनाशकही लागतं.

भाड्याच्या घरात असाल तर यातलं काही उघडू नका. पण घरमालकानं दर वर्षी दिलेलं गॅस सुरक्षेचं प्रमाणपत्र या पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही, हे लक्षात असू द्या. प्रेशरच्या काट्याचा फोटो आठवडाभर रोज एकाच वेळी काढा, हीटिंग सुरू व्हायच्या आधी. 'रेडिएटर नीट तापत नाही' या तक्रारीपेक्षा 'सोमवारी १.४, शनिवारी ०.५' हा ईमेल लवकर हलतो. दुरुस्ती करणं त्यांचं काम आहे, आणि आकडा दिला की ते टाळणं अवघड जातं.

मुलीला शाळेत प्रयोग हवा होता म्हणून गेल्या थंडीत आम्ही खिळ्याचा खेळ केला. गॅल्व्हनाइज न केलेले दोन चकचकीत खिळे, जॅमच्या दोन बाटल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत रेडिएटरचं. वर झाकण, आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत. नळवाल्या बाटलीत चौथ्या दिवशी तांबूस धूर उतरला, पंधरवड्यात खिळा दिसेनासा झाला. दुसऱ्या बाटलीतला खिळा तिसऱ्या आठवड्यातही दुकानातून आणल्यासारखा होता. बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर तिनं तिच्या अक्षरात शेवटची नोंद केलीय: "प्रेशर १.३. पट्टी ठीक. हवा सोडली नाही. खिळा अजून चमकतोय, बाबा टाकून देऊ देत नाही."